भरिताच्या दिवसांतली पॅसेंजर

परवा सकाळी जळगावच्या स्टेशनात गाडीची वाट बघत उभी होते. थंडी अशी, की सिमेंटच्या बाकड्यावर टेकायची हिंमत होईना. तेवढ्यात एक बाई पुलाच्या पायऱ्या उतरून आली. डोक्यावर टोपली, टोपलीत भरिताची वांगी. हिरवी, पांढरट रेघांची, एकेक वांगं दोन हातांत धरावं असं. तिनं टोपली खाली टेकवली आणि आजूबाजूची सगळी माणसं मान वळवून बघायला लागली. एक साहेब मोबाइलवर कुणाला तरी झाडत होते. ते मधेच थांबून तिला विचारते झाले, वांगी बामणोदची का? ती हो म्हणाली. साहेब पुन्हा फोन कानाला लावून बोलायला लागले, पण आवाजातला राग गेला होता. आमच्याकडे हे असंच आहे.

मी काही घेतली नाहीत, हातात आधीच दोन पिशव्या होत्या. पण त्या टोपलीजवळ उभी राहिले आणि मागचा एक हिवाळा सगळाच्या सगळा आठवला.

खान्देशात भरिताची वांगी बाजारात आली की हिवाळा आला असं धरतात. स्वेटर त्यानंतर निघतात. तोवर कपाशीची वेचणी संपत आलेली असते, वावरात वाळक्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. काड्या आहेत आणि वांगी आहेत, म्हटल्यावर माणूस गप्प कसा बसेल? गाडी धरणगाव सोडून पुढं निघाली की रुळांच्या दोन्ही बाजूंना कुठं कुठं धूर दिसतो. तो चुलीचा धूर नव्हे हे डब्यातल्या प्रत्येकाला कळतं. खिडक्या थंडीमुळं बंद असतात, तरी कुणीतरी उठतं, एक खिडकी अर्धी वर करतं आणि भाजलेल्या वांग्याचा वास आत घेतं. एरवी खिडकीवरून भांडणारी माणसं त्या वेळी एक शब्द बोलत नाहीत.

आता गाडी बदलली आहे. मेमू म्हणतात तिला, डबे नवे आहेत, दारं रुंद आहेत. पण आमच्या तोंडी पॅसेंजरच बसलंय. आणि तिच्यातून रोज जाणारे-येणारे आम्ही, अपडाऊनवाले. हा शब्द आमच्याकडे नोकरीहून मोठा आहे. लग्न जमवताना मुलगी काय करते असं विचारलं, तर आधी सांगतात, अपडाऊन करते. मास्तरीण आहे का नर्स आहे ते नंतर निघतं. अपडाऊनवाल्याला डबा ठरलेला, जागा ठरलेली, चहावाला ठरलेला. पुरुषांच्या एका डब्यात पत्ते, दुसऱ्यात मंगळवारी आणि शनिवारी भजन. जागेवर रुमाल टाकलेला असला तर तो रुमाल म्हणजे माणूसच. त्याच्यावर कुणी बसत नाही.

बायकांच्या डब्यात आमचा कोपऱ्यातला एक खण होता, समोरासमोरच्या दोन बाकांचा. त्या खणाचा नियम एकच: रिकामे हात चालणार नाहीत. कुणी मेथी आणायचं, कुणी हरभऱ्याची कोवळी भाजी, कुणी ओल्या तुरीच्या शेंगा. संध्याकाळी घरी पोहोचून भाजी निवडायला वेळ कुणाला आहे? म्हणून ती सकाळी गाडीतच निवडायची, सोलायची आणि रिकाम्या डब्यात भरून ठेवायची. जी आमच्या खणात बसेल तिच्या हातात जुडी पडायची. तिकीट तपासायला आलेल्या बाईंनासुद्धा निर्मलाअक्कांनी एकदा पाच मिनिटं मेथी धरायला लावली होती. बाईंनी ती बसून निवडूनही दिली.

निर्मलाअक्का म्हणजे आमच्या खणाच्या पुढारी. शिंदखेड्याला तहसील कचेरीत कारकून, राहायला धरणगावला. कचेरीत शुद्ध बोलायच्या, गाडीत पाय ठेवला की अहिराणी. आवाज असा, की त्या धरणगावला चढल्या हे पुढच्या डब्यात कळायचं. दुसऱ्या मायाताई. जळगावहून माझ्याबरोबर चढायच्या, शिंदखेड्याच्या बाजूला दवाखान्यात नर्स होत्या. फोन आला की आधी जय भीम, मग नमस्कार, मग पलीकडच्याला ओरडा. दवाखान्यात बाळंतिणींना धीर देऊन देऊन त्यांना सवय लागली होती, त्या आम्हालाही सगळ्यांना बाळंतिणीसारखंच वागवायच्या. आणि तिसरी मी, वैशाली. चोपड्याची माहेरवाशीण, जळगावची सून आणि शिंदखेड्याच्या पुढं एका खेड्यात शाळेत शिक्षिका.

शिंदखेड्याला उतरलं की स्टेशनाबाहेर निंबाखाली आमची बस उभी असायची. ती गाडीसाठी थांबायची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण ड्रायव्हर आबांनी तो पाळला होता. गाडीची शिट्टी ऐकली की आबा इंजिन सुरू करायचे आणि जागचे हलायचे नाहीत. तरीही आमच्यातली जी पहिली पोहोचेल तिनं बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभं राहायचं, मागच्या येईपर्यंत. याला आम्ही बस धरणं म्हणायचो. कंडक्टर रोज रागवायचा आणि रोज थांबायचा. बायकांना तिकीट अर्धं झाल्यापासून तर बसमध्ये बायकाच बायका. आबा म्हणायचे, मी काही बस चालवत नाही, माहेर चालवतो.

एवढं सगळं सुखाचं होतं, आणि त्या हिवाळ्यात ते सुटायची वेळ आली होती.

माझ्या सासूबाई सावद्याकडच्या. आयुष्य केळीच्या बागेत गेलं. पाणी भरणं, बुंध्यालगतची कोंबाची पिलं काढणं, घड वाहणं, घरी येऊन पुन्हा रांधणं. सासरे गेल्यावर शेत बटाईनं दिलं आणि त्या जळगावला आमच्याकडे आल्या. स्वभावानं वाईट अजिबात नाहीत, पण बोलणं तोलूनमापून. आणि एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की धरली होती: आपण धावलो, सुनेनं धावायचं नाही. मी पहाटे उठून डबा करून, केस ओलेच बांधून स्टेशनाकडे पळते हे त्यांच्या डोळ्यांना सहन व्हायचं नाही. दिवाळी झाली तसं त्यांनी सांगून टाकलं, संक्रांतीपावेतो पाहा, मग राजीनामा देऊन टाक. पोराचा पगार आहे, केळीचं येतं, कसाले जीव काढते?

माझा नवरा पाइपाच्या कारखान्यात आहे. माणूस सरळ. तो म्हणाला, तुम्हा दोघींना पटेल ते करा. संसारात याहून निरुपयोगी वाक्य मी ऐकलेलं नाही.

मला नोकरी सोडायची नव्हती. हे एवढंसं वाक्य, पण घरात बोलायला जीभ रेटायची नाही. वाद घालायला समोर भांडण तरी हवं. त्या प्रेमानं सांगत होत्या. प्रेमानं सांगणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग मी काय करायची? घरात मान खाली घालून हं हं करायची आणि गाडीत येऊन सगळं ओकायची. खणातल्या बायका ऐकायच्या, आपापल्या घरचं त्यात मिसळायच्या आणि मीठमसाला लावून दुसऱ्या दिवशी परत आणायच्या. होता होता आमच्या डब्यात माझी सासू माझ्याहून प्रसिद्ध झाली. दोन खण पलीकडच्या बायका मला विचारायच्या, काय गं, काल काय म्हणाल्या?

आमचं दरवर्षीचं भरीत पौषातल्या एका शनिवारी ठरलेलं असायचं. शनिवारी सकाळची शाळा, कचेरीतून अक्का कशाबशा निसटायच्या, मायाताई ड्युटी बदलून घ्यायच्या. आबांचं वावर स्टेशनाला लागूनच. काड्या त्यांच्या, वांगी आमची, भाकरी ज्याच्या त्याच्या घरून. दुपारची परतीची गाडी येईपर्यंत भाजायचं, कुटायचं, खायचं आणि हात न धुताच प्लॅटफॉर्मवर यायचं. त्या वर्षी हे माझं शेवटचं भरीत, असं मी आठवडाभर घोकत होते.

त्या शनिवारी नेमकी स्कूटी पंक्चर. पंक्चरवाल्याच्या दारात गाडी टाकली, रिक्षा धरली, धावत पुलावरून उतरले तोवर पॅसेंजर हलायला लागली होती. समोर आला तो शेवटचा डबा, त्यात शिरले. आतून पुढं जायची सोय नव्हती. धरणगाव गेलं, उभीच होते. अमळनेरला गाडी जरा जास्त थांबते, तिथं उतरून प्लॅटफॉर्मवरून पळत आमच्या डब्यात आले, गर्दीतून वाट काढत आमच्या खणापाशी पोहोचले.

माझ्या जागेवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर ओल्या तुरीच्या शेंगा, पायाशी सालं, शेजारी निर्मलाअक्का, समोर मायाताई. आणि अक्का त्यांना समजावून सांगत होत्या, "अशी सासूले ना, एक रोज या गाडीमा आनी बसाडाले पाहिजे."

सासूबाई शेंग सोलत म्हणाल्या, "हो ना. बसवाच तिले."

नंतर कळलं ते असं. मी घरातून निघाले आणि सासूबाई मागोमाग रिक्षा करून स्टेशनावर आल्या. माझ्या पंक्चरमुळं त्या माझ्याआधी पोहोचल्या. चहावाल्याला विचारलं, शिंदखेड्याच्या मास्तरणी कुठं बसतात? त्यानं बोटानं डबा दाखवला. त्या आमच्या खणात बसल्या, आणि मायाताईंनी नियमाप्रमाणं त्यांच्या मांडीत शेंगा ओतल्या. कुठं निघालात विचारलं तर म्हणाल्या, शिंदखेड्याला, सुनेकडं. सून म्हटल्यावर मायाताईंना विषय सापडला. आमची एक मैत्रीण आहे बघा, आज गाडी चुकली वाटतं बिचारीची, तिची सासू म्हणजे, अशी सुरुवात झाली. धरणगावला निर्मलाअक्का चढल्या आणि राहिलेलं त्यांनी सांगितलं. सांगून न येता अचानक का आलात, असं मी पुढं त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सांगून आलं की माणसं घर आवरून ठेवतात.

पण ते पुढचं. त्या क्षणी मी खणाजवळच्या गर्दीत उभी, आणि सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. संक्रांतीपर्यंत थांबायचीही गरज नाही. पण त्या शांतपणे सरकल्या, हातभर जागा केली आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाल्या, या बाई, बसा. उभं कसाले राहता?

मी बसले. त्यांनी ओळख दिली नाही म्हटल्यावर मीही दिली नाही. मायाताईंनी माझ्याही मांडीत शेंगा टाकल्या आणि आनंदानं सांगितलं, हीच ती, वैशाली. हिच्याच सासूचं सांगत होतो तुम्हाला. मी शेंगा अशा सोलत होते, की दाणे सालांत आणि सालं डब्यात जात होती. मी मायाताईंना पायानं ढोसलं. मायाताई म्हणाल्या, अगं पाय काय मारते, या मावशी घरच्यासारख्या आहेत.

मग सासूबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारतात तसा.

"मंग खरंच काय व बाई इतकी वाईट आहे तुझी सासू?"

सगळा खण माझ्याकडे बघायला लागला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, हातातल्या शेंगेकडे बघत बोलले. पण बोलले. घरात दोन महिने जे तोंडातून फुटलं नव्हतं, ते परक्या बाईचं सोंग मिळाल्यावर सरळ बाहेर आलं.

"वाईट नाहीत हो. त्यांना वाटतं मी दमते. दमतेच मी. पण घरी बसले ना, तर याहून दमेन. हे त्यांना कसं सांगायचं ते कळत नाही."

सासूबाई शेंगा सोलत राहिल्या. निर्मलाअक्कांनी एक मोठा उसासा टाकला आणि मायाताई म्हणाल्या, बघा मावशी, एवढी गुणाची पोर आहे. नरडाण्यापासून शिंदखेड्यापर्यंत आमच्या खणात सगळ्यांनी नुसत्या शेंगा सोलल्या.

शिंदखेड्याला उतरल्यावर निर्मलाअक्कांनी आग्रह सुरू केला. मावशी, सुनेकडं जाऊन या, पण दुपारी भरिताला थांबा. सासूबाई म्हणाल्या, आधी तुमची बस पाहते. आणि आमच्याबरोबर बसमध्ये चढून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. कंडक्टरला म्हणाल्या, जिथं जाते तिथपर्यंत दे, आणि तिथून परत दे. तो बुचकळ्यात पडला, पण तिकीट फाडलं.

माझं गाव आलं. पोरं रस्त्यापर्यंत धावत आलेली होती, रोजच येतात. एकीनं पिशवी ओढली, दुसरीनं डबा. कुणी पाढा पाठ झाल्याचं सांगतंय, कुणी शेळी व्याल्याचं. थंडीनं सगळ्यांची नाकं वाहत होती आणि त्याच नाकांनी ती माझ्या साडीला चिकटली. त्या गोंधळात मी हसत काहीतरी ओरडले असेन. मागं वळून पाहिलं तर बसच्या मागच्या खिडकीत सासूबाई. काच सरकवून, पदर कानाशी घट्ट धरून बघत होत्या. बस हलली, धुरळा उडाला, आणि मला त्यांचं तोंड नीट दिसलं नाही. त्या दिवशी शाळेत मी वजाबाकीत हातचा घ्यायला विसरले आणि एका मुलीनं ते मला सांगितलं.

दुपारी परत आबांच्या बसनं स्टेशनाकडे आले. आबांनी वाटेतच सांगितलं, तुमच्या त्या मावशी केव्हाच वावरात पोहोचल्यात, काड्या रचून ठेवल्यात, आणि मला काड्या ओल्या आहेत म्हणून बोलल्या. गेले तर खरंच. पदर खोचून, काड्यांची चौकट रचून, वर वांगी मांडून बसल्या होत्या. देठ धरून एकेक वांगं फिरवत होत्या. काड्यांचा जाळ भसकन उठतो आणि लवकर बसतो, त्यात वांगं सगळीकडून भाजायचं म्हणजे हात सरावलेला लागतो. मायाताईंचं एक वांगं अर्धं कच्चं निघालं ते त्यांनी मुकाट्यानं परत जाळात घातलं.

त्या वावरातलं ऊन अजून आठवतं. पौषातलं दुपारचं ऊन, पाठीवर घ्यावं असं. बांधावर तूर उभी, विहिरीजवळ कांद्याची पात, केळीची पानं कुणीतरी आणून धुऊन ठेवलेली. लांब प्लॅटफॉर्मवर दोनचार माणसं, रुळांवर काही नाही. नोकरी जाणार का राहणार ते माहीत नव्हतं, तरी मी सुखात होते. हे कसं, ते विचारू नका. धुरानं डोळ्यांत पाणी होतं आणि भूक लागली होती, एवढं खरं.

वांगी सोलून झाली. आता कुटायची. आमच्याकडे सावद्या-भुसावळकडे भरीत बडगीत कुटतात. बडगी म्हणजे लाकडाची लांबोडकी कुंडी, आत मुसळ. निर्मलाअक्कांनी आणली होती स्टीलची परात आणि तांब्या. तांब्याच्या बुडानं वांगी रगडायला सुरुवात केली आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर अशी कळ उमटली, जणू कुणी त्यांच्या लेकराला चिमटा काढतंय. त्यांनी परात ओढून घेतली. आबांना म्हणाल्या, घरात बडगी असेल ती आणा. आबांच्या घरी धान्याची जुनी बडगी निघाली, ती धुऊन आणली. सासूबाई मुसळ घेऊन बसल्या. मी लसूण सोलायला घेतला, मग मिरच्या ओढल्या, आणि तेवढ्यात त्या, मान वर न करता, घरात म्हणतात त्या आवाजात म्हणाल्या, "वैशाली, मिरच्यांना हात लावू नको. मागच्या टायमाले रात्रभर पाण्यात हात घालून बसली होती."

सगळ्यांचे हात थांबले.

मायाताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग जाळाकडे. तुम्हाला कसं माहीत मावशी, असं त्यांनी विचारलं, पण विचारता विचारताच त्यांना कळत गेलं असावं, कारण वाक्य शेवटी फार बारीक झालं. सासूबाईंनी मुसळ बडगीच्या कडेला टेकवलं.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "सासू."

आबा विहिरीकडे निघून गेले. पुरुषांना अशा वेळी विहिरीत काहीतरी बघायचं असतं. निर्मलाअक्का तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला वाटलं रडताहेत. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या अशा हसल्या, की बांधावरचे बगळे उडाले. माय वं, म्हणाल्या, मी तुम्हले काय काय बोलनू. सासूबाई म्हणाल्या, खरं तेच बोलली, थोडं जास्त बोलली, चालते. मग मायाताई हसल्या, मग मी. मी तर बसल्या जागी आडवी झाले. पोट दुखायला लागलं, लसणाची साल नाकात गेली, तरी थांबेना. त्या दोन महिन्यांचं सगळं त्या हसण्यात निघून गेलं असावं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मुसळ तसंच हातात.

भरीत झालं ते असं, की त्याच्याबद्दल लिहिणं म्हणजे जेवून उठलेल्यानं उपाशी माणसाला ढेकर ऐकवणं. तेल सासूबाईंनी हात सैल सोडून घातलं. शेंगदाणे तळून, खोबऱ्याचे काप तळून, वर पात आणि कोथिंबीर. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी निर्मलाअक्कांच्या, ठेचा मायाताईंचा. मायाताई वाढताना दर वेळी सासूबाईंच्या पानात आधी वाढत होत्या आणि अपराध्यासारख्या अजून घ्या, अजून घ्या म्हणत होत्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, बाई, माझ्याबद्दल जितकं बोलली तितकं वाढू नको, पोट फुटेल. सासूबाई विनोद करतात हे मला त्या दिवशी कळलं.

परतीची गाडी आली. हातांना वांग्याच्या धुराचा वास, बोटांना तेल. सासूबाईंना खिडकी दिली. अमळनेर गेलं, धरणगाव आलं, निर्मलाअक्का उतरताना सासूबाईंच्या पाया पडल्या आणि पडता पडता पुन्हा हसल्या. डबा निवांत झाला. मायाताई डोळे मिटून बसल्या होत्या, पण त्या जाग्या होत्या हे मला त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. मी वाट बघत होते. काय म्हणतील? संक्रांत आठवड्यावर आली होती. बाहेर कपाशीची रिकामी वावरं, मधेच हरभऱ्याचा हिरवा पट्टा, उन्हं तिरपी झालेली. त्या बाहेर बघत, माझ्याकडे न वळता बोलल्या.

"मी तुले बस म्हणत होती. मले वाटलं बसणं म्हणजे सुख. मी कधी बसलीच नाही, मले काय ठाऊक."

मग त्या वळल्या.

"आणि दुसरं सांगू? तुझं लग्न झाल्यापासून मले वाटे, या पोरीले हसूच येत नाही."

मला रडू आलं. लपवायचं म्हणून खाली बघितलं तर तेलकट बोटं डोळ्यांना लागली आणि डोळे झोंबायला लागले. सासूबाईंनी पदराचं टोक पुढं केलं आणि म्हणाल्या, सांगितलं होतं ना मिरच्यांना हात लावू नको. मायाताईंनी मिटल्या डोळ्यांनीच नाक ओढलं.

जळगावच्या स्टेशनाबाहेर रिक्षा केली. नोकरीचं त्या अजून काही बोलल्या नव्हत्या, आणि मलाही आता विचारायची घाई राहिली नव्हती. का कोण जाणे, रिक्षात मी त्यांना निर्मलाअक्कांची नक्कल करून दाखवली. हातवारे करत, डोळे मोठे करत, अक्का डब्यात माझ्या सासूचं वर्णन कसं करतात ते, अगदी शब्दान्‌शब्द. दोन महिन्यांपूर्वी स्वप्नातसुद्धा धजले नसते. सासूबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. रिक्षावाला आरशातून बघत होता. पुन्हा कर, त्या म्हणाल्या. मी पुन्हा केली.

दार नवऱ्यानं उघडलं. सकाळपासून आई कुठं गेली ते त्याला ठाऊक नव्हतं, फोन करून करून तो रडकुंडीला आला होता. त्यानं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमच्या दोघींच्या तोंडाला काजळी, केसांत काड्या, आणि दोघी एकमेकींना धरून हसतोय. काय झालं, कुठं होतात, असं त्यानं घाबरून विचारलं.

सासूबाई चपला काढत म्हणाल्या, "काही नाही. तुझ्या बायकोची सासू भेटली होती गाडीत. मी सांगितलं तिले, सुनेची नोकरी सोडवू नको म्हणून. ऐकलं तिनं."